दोन सूत साग

कुठल्याही गावातल्या लाकडाच्या वखारीत जावं आणि शेठ जरा मोकळे दिसले की शांतपणे म्हणावं, "दोन सुती सागाची फळी हवी होती. फूटभर रुंद, दीड फूट लांब." मग शेठच्या चेहऱ्याकडे बघत राहावं. गिऱ्हाईक थट्टा करतंय, की वनखात्याचं कोणी साध्या कपड्यांत आलंय, की बिचाऱ्याला खरंच काही कळत नाही, अशा तीन शंका त्या चेहऱ्यावरून एकामागोमाग एक सरकतात. तिसरी कायम होते. शेठचा आवाज एकदम मायाळू होतो.

"प्लाय पाहिजे का, साहेब? सहा एमएम?"

"नाही, प्लाय नको. सागच. अख्खं लाकूड."

"मग पुढच्या चौकात प्लायवाला आहे, त्याला विचारा."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. देशाने मेट्रिक पद्धत स्वीकारून दोन पिढ्या उलटल्या, तरी सुतार, गवंडी आणि फॅब्रिकेशनवाले अजून इंच-सुतातच बोलतात. प्लायवाले मात्र मिलिमीटरवाले. त्यामुळे एकाच कपाटात फळी चार सुती असते आणि तिला चिकटलेला प्लाय बारा एमएमचा, आणि दोघांचं जमतंही. दोन सूत म्हणजे पाव इंच, सव्वासहा मिलिमीटरच्या किंचित वर. दागिन्यांच्या डबीचं झाकण, देव्हाऱ्याची पाठ, टेबलाच्या खणाचा तळ, पत्त्यांच्या कॅटसाठी पेटी, असल्या लहान कामांना एवढ्याच जाडीची फळी शोभते. तीच चार सुती लावली तर दागिन्यांची डबी ही डबी न राहता तिजोरी होते. आत अंगठी मावते, पण उचलायला माणूस लागतो.

जाड लाकूड मात्र हवं तेवढं मिळतं. वखारीत सागाच्या ओंडक्यांचे ढीग असतात, दाराच्या चौकटींसाठी तासलेल्या तुळया असतात, इंच-दीड इंची फळ्या असतात. त्यांतही जाती-पोटजाती. सगळ्यांत मानाचा तो सीपी टीक, म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचा साग. हा प्रांत १९५० सालीच नकाशावरून गेला, पण वखारीतून जायला तयार नाही. बल्लारपूर-आलापल्लीकडच्या सागाला आजही याच नावाने भाव मिळतो. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी चंद्रपूर जिल्ह्यातून सागवान गेलं तेव्हापासून तर शेठ त्या ढिगाकडे बोट दाखवताना आवाज खाली आणतात. शेजारी घाना आणि इक्वेडोरहून आलेला सागही असतो. त्याच्याकडे बोट न दाखवता नुसती मान हलवली जाते. एवढ्या सगळ्या सागात दोन सुती फळी तेवढी नसते. देवळाच्या दाराला पुरेल इतका साग आहे, डबीच्या झाकणाला नाही.

ही फळी मागणारा माणूस कोण? तो सुतार नसतो, हे शेठ लांबूनच ओळखतात. सुतार असला काही प्रश्नच विचारणार नाही. हा असतो हौशी. २०२० च्या टाळेबंदीत काही लोकांनी डालगोना कॉफी घुसळली, काहींनी बाल्कनीत मेथी लावली आणि काहींनी यूट्यूबवर एका दाढीवाल्या अमेरिकन माणसाला गॅरेजमध्ये अक्रोडाच्या लाकडाची पेटी करताना बघितलं. कॉफीवाले दोन आठवड्यांत सुधारले. मेथीवाल्यांना कबुतरांनी सुधारलं. पेटीवाल्यांना कोणी वाली उरला नाही.

त्या दाढीवाल्याची गोष्टच वेगळी. त्याच्या देशात पाव इंची चेरीची फळी रंधून, घासून, प्लास्टिकात गुंडाळून दुकानात मिळते. ती नको असेल तर गॅरेजमध्ये फळी चिरायचं एक यंत्र, सपाट करायचं दुसरं, जाडी सारखी करायचं तिसरं आणि या तिघांचा भुसा ओढून घ्यायला चौथं. त्याच्या चित्रफितीत शेजारी कधी दिसत नाहीत, कारण शेजारी अर्ध्या किलोमीटरवर असतात. आपल्याकडच्या हौशी सुताराची कार्यशाळा म्हणजे कोरडी बाल्कनी. एका अंगाला कपडे धुण्याचं यंत्र, दुसऱ्या अंगाला तुळस, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर रविवार दुपारच्या शांततेबद्दल सचिवांचा जुना संदेश, जो दर रविवारी नव्याने पुढे येतो.

पातळ अख्खं लाकूड ही वस्तू आपल्या देशात दुर्मीळ आहे, असंही नाही. ती फक्त वखारीत नाही. घरातल्या शाळकरी मुलाच्या कंपासपेटीतली लाकडी पेन्सिल काढावी आणि तिच्या न तासलेल्या टोकाकडे उजेडात निरखून बघावं. शिशाच्या दोन्ही बाजूंना एक केसासारखी रेघ गेलेली दिसते. तो सांधा. पेन्सिल म्हणजे पाचेक मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या. प्रत्येकीत अर्धगोल चऱ्या पाडायच्या, चऱ्यांत शिसं ठेवायचं, गोंद लावून दुसरी पट्टी वर दाबायची आणि मग त्या सँडविचमधून एका वेळी आठ-नऊ पेन्सिली कापून काढायच्या. भारतात या पट्ट्यांचा मोठा वाटा काश्मीरमधल्या पुलवामा जिल्ह्यातल्या उखू गावातून येतो. तिथल्या पॉप्लरच्या लाकडावर अख्खं गाव चालतं. म्हणजे दोन सुतांपेक्षा पातळ लाकूड, उत्तम वाळवलेलं, सरळ शिरांचं, अचूक रंधलेलं, घरात दहा-वीस रुपयांना पडून असतं. त्याची रुंदी तेवढी पेन्सिलीएवढी असते, हा तपशील सोडला तर तक्रारीला जागा नाही.

विमानांची मॉडेलं करणाऱ्यांच्या दुकानात बाल्साचे पत्रेही मिळतात, एक मिलिमीटरपासून पुढे. पण बाल्सा हे लाकूड आहे ही गोष्ट वनस्पतिशास्त्राला मान्य असली तरी हौशी सुताराला नाही. नखाने ज्यावर सही करता येते त्याला तो लाकूड म्हणत नाही.

तेव्हा एकच मार्ग उरतो. इंचभर जाडीची फळी घ्यायची आणि तिला कडेवर उभी करून जाडीतून चिरायची. ऐकायला हे पाव कापण्याइतकं सोपं वाटतं. हिशेब मांडला की कळतं.

वखारीतली 'एक इंची' फळी मोजली तर भरते चोवीस मिलिमीटर. (उरलेलं कुठे गेलं हे शेठना विचारू नये, संबंध बिघडतात.) ती मधोमध चिरली की करवतीच्या पात्याने दोन मिलिमीटर खाल्ले. उरल्या अकरा-अकराच्या दोन फळ्या. त्यांच्यावर पात्याच्या लाटा उठलेल्या असतात, त्या रंधून काढायच्या. मग फळी थोडी वाकते, तो बाक काढायचा. मग दुसरी बाजू पहिलीशी समांतर करायची. हे सगळं होईपर्यंत अकराच्या सहा होतात. म्हणजे चोवीस मिलिमीटर सागाचे पैसे मोजले, बारा मिलिमीटर साग मिळाला आणि बारा मिलिमीटर साग भुसा आणि ढलप्या होऊन बाल्कनीत पसरला. सोन्याच्या कामात तूट-घट म्हणून दोन-चार टक्के धरतात, तरी लोक सराफाशी वाद घालतात. इथे निम्मा माल हवेत जातो आणि हौशी माणूस त्याचा वास किती छान येतो म्हणून घरच्यांना बोलावून दाखवतो.

शिवाय चिरायची कुठे, हा प्रश्न आहेच. हातकरवतीने फूटभर रुंदीची फळी जाडीतून चिरणं शक्य आहे. पूर्वी ओंडका उंचावर बांधून एक माणूस वर आणि एक खाली उभा राहून अख्ख्या झाडाच्या फळ्या पाडत असत. पण त्या माणसांचा तो रोजचा धंदा होता आणि संध्याकाळी त्यांना लॅपटॉपवर टंकायचं नसे. म्हणून हौशी माणूस दीड फुटाची फळी पिशवीत घालून आरा मिलवर जातो. तिथे मनगटाएवढ्या दातांची उभी पट्टी-करवत ओंडके चिरत असते. मिलवाला फळी हातात घेऊन उलटसुलट बघतो.

"हे काय आणलंत, काका?"

"चिरून द्यायची आहे. जाडीतून. मधोमध."

"हात जाईल ना माझा. लांब आणा. सहा फूट आणा, सगळी चिरून देतो."

मिलवाल्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर असतं. आखूड तुकडा पात्याजवळ धरायचा तर बोटं पात्याजवळ जातात. तेव्हा झाकण सहा इंचांचं आणि खरेदी सहा फुटांची, असा व्यवहार ठरतो. बहुतेक हौशी सुतारांच्या पलंगाखाली जो सागाचा साठा असतो, त्याचं मूळ या एका वाक्यात आहे.

आता चिरलेल्या फळ्या घरी येतात. गिरणीवर त्या सरळ असतात, यात शंका नाही. जिने चढेपर्यंतही सरळ असतात. रात्री टेबलावर ठेवून हौशी माणूस समाधानाने झोपतो आणि सकाळी उठून बघतो तो दोन्ही फळ्या उन्हात टाकलेल्या पापडासारख्या वळलेल्या. यात फळीचा दोष नाही. जाड लाकूड बाहेरून आधी वाळतं, पोटात ओल राहते. फळी मधून चिरली की पोटातली ओली बाजू उघडी पडते, ती वाळताना आकसते आणि फळीला त्या बाजूला ओढून घेते. भट्टीत घाईने वाळवलेल्या लाकडात तर ताण आधीपासूनच कोंडलेला असतो, करवत लागली की तो मोकळा होतो. अमेरिकेतला दाढीवाला या ठिकाणी चित्रफीत तोडतो आणि 'काही आठवड्यांनंतर' अशी पाटी दाखवतो. ते काही आठवडे आपल्याकडे घरच्यांना दाखवता येत नाहीत, जगावे लागतात.

यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. फळ्यांच्या मध्ये बोटभर जाडीच्या सारख्या पट्ट्या ठेवायच्या, म्हणजे हवा सगळीकडून लागते. त्यांची थप्पी लावायची. आणि वर वजन ठेवून विसरून जायचं. वजन काय ठेवायचं यावरून घराची संस्कृती कळते. कुठे शब्दकोशाचे खंड असतात, कुठे वापरात नसलेला पाटा-वरवंटा, कुठे जिमच्या उत्साहातून उरलेले डंबेल. एका घरात तर इडलीच्या वेट ग्राइंडरची दगडी चक्की थप्पीवर चढल्यामुळे महिनाभर इडल्या झाल्या नाहीत, आणि "ते लाकूड वाळलं का?" हा प्रश्न रोज सकाळी नाश्त्याऐवजी मिळत असे.

लाकूड वाळलं की दुसरा अंक. फूटभर रुंदीचं पॅनेल एका फळीत मिळत नाही, मिळालं तरी ते घेऊ नये, कारण रुंद फळी जास्त वळते. म्हणून दोन फळ्या कडेला कड लावून जोडायच्या. एकाच फळीतून चिरलेल्या असतील तर त्या पुस्तक उघडल्यासारख्या शेजारी ठेवायच्या. शिरांची नक्षी दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखी उमटते. गिटारची पाठ आणि व्हायोलिनचं पोट याच पद्धतीने करतात. व्हायोलिनचं पोट अडीच-तीन मिलिमीटरपर्यंत उतरतं, म्हणजे एक सुताच्याही आत. मिरजेच्या सतारीच्या भोपळ्यावरची तुणीच्या लाकडाची तबली पातळ असूनही घोडीवरून येणारा सगळ्या तारांचा दाब वर्षानुवर्षं झेलते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या कारागिराला पातळ लाकडाचं रहस्य विचारलं, तर तो बोटाने टकटक करून कानाला लावतो. हौशी सुतारही टकटक करतो. आवाज त्यालाही येतो. त्यातून काय समजायचं, एवढंच त्याला समजत नाही.

कडा जोडताना एक युक्ती आहे, आणि ती मात्र खरोखर बघण्यासारखी आहे. सहा मिलिमीटर जाडीच्या फळीची कड काटकोनात रंधणं महाकठीण. रंध्याचा तळ इतक्या बारीक कडेवर उभाच राहत नाही, एकीकडे कलतोच. म्हणून दोन्ही फळ्या पुस्तक मिटल्यासारख्या एकमेकींवर ठेवायच्या, शिकंज्यात एकत्र आवळायच्या आणि दोघींच्या कडा एकाच रंध्याखाली एकदम काढायच्या. आता कारागिराचा हात एक अंशाने कलला, तर एकीची कड एक्क्याण्णव अंशांची होते आणि दुसरीची एकोणनव्वद. पुस्तक उघडलं की बेरीज बरोबर एकशे ऐंशी. एकाची चूक दुसऱ्याने भरून काढायची सोय भूमितीने फुकट करून दिलेली आहे. सुतारकामात चुकीला इतकी सन्मानाची वागणूक दुसरीकडे कुठे मिळत नाही. कड जमली की नाही हे खिडकीसमोर धरून बघायचं. सांध्यातून उजेड दिसला तर पुन्हा रंधा.

साग रंधताना आणखी एक अडचण समजते. सागाच्या लाकडात सिलिका असते, म्हणजे बारीक वाळूच. चार हात मारले की रंध्याचं पातं बोथट. धार लावायला वीस मिनिटं, रंधायला पाच, हे प्रमाण धरून चालावं. शिवाय साग तेलकट. वाळवी त्याला म्हणून टाळते, आणि गोंदही थोडा टाळतो. गोंद लावायच्या आधी कडांवरून थिनरचा बोळा फिरवायचा.

गोंद कोणता, हे सांगायची गरज नाही. १९५९ साली फेविकॉल आलं. त्याआधी सुतार सरस शिजवत असत. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला तो पदार्थ गरम असेतो चिकट आणि वास असा की आळीत कुणाकडे काम चालू आहे हे पत्ता न विचारता कळे. पांढऱ्या फेविकॉलने तो वास संपवला आणि सांधा असा पक्का केला की ओढून तोडला तर शेजारचं लाकूड फाटतं, सांधा नाही. डब्यावरच्या दोन हत्तींची परीक्षा घ्यायची वेळ कुणावर येत नाही, पण पातळ फळी जोडताना हत्तींची नव्हे, क्लॅम्पची परीक्षा होते. लोखंडी क्लॅम्पने आवळायला जावं तर दोन सुती पॅनेल मधून धनुष्यासारखं उचकटतं. म्हणून वाद्य करणारे निराळा डाव करतात. सपाट पाटावर दोन्ही फळ्या ठेवायच्या, सांध्याखाली एक बारीक पट्टी सारायची म्हणजे मधला भाग किंचित वर उठतो. मग बाहेरच्या दोन कडांना टेकवून खिळे ठोकायचे. पट्टी काढायची, गोंद लावायचा आणि मधून दाबायचं. फळ्या सपाट व्हायला जागा मागतात, खिळे ती देत नाहीत, आणि सांधा आपोआप आवळला जातो. वर कागद, कागदावर फळी, फळीवर वजन. एकाही क्लॅम्पचा खर्च नाही. हे तंत्र सोसायटीच्या गटावर टाकावं इतकं स्वस्त आहे.

आता उरलं जाडी सारखी करणं. ज्याच्याकडे थिकनेसर नावाचं यंत्र आहे त्याला वाटतं, सुटलो. पण पातळ फळी नुसतीच यंत्रात सारली तर फिरती पाती तिला उचलून घेतात आणि पलीकडून फळीऐवजी काड्या बाहेर येतात. म्हणून जाड फळीच्या पाठीवर पातळ फळी दुहेरी टेपने चिकटवून दोघींना एकत्र आत धाडायचं. हाताने रंधायचं तर फळीपुढे अडण लागतं, आणि ते दोन सुतांच्या खाली बुटकं हवं, नाहीतर रंधा फळी सोडून अडणालाच लागतो. एवढं करूनही रंध्याखाली फळी लवते, मध्ये जाड आणि टोकांना पातळ राहते. जपानमध्ये केझुरोकाई नावाचा सुतारांचा मेळावा भरतो. तिथे रंध्यातून निघणारी साल किती पातळ यावर स्पर्धा असते आणि काही मायक्रॉन जाडीच्या, आरपार वाचता येईल अशा साली काढून लोक त्या मापकाखाली धरतात. त्या मेळाव्यात साल ठेवतात आणि लाकडाकडे कुणी बघत नाही. आपला हौशी सुतार नेमक्या उलट्या कामासाठी बसलेला असतो, पण संध्याकाळी हिशेब केला तर त्याच्याकडेही सालींचाच ढीग मोठा निघतो.

इतकं सगळं करून पॅनेल तयार झालं की मुख्य परीक्षा पुढेच असते. तिचा परीक्षक पाऊस.

लाकूड हवेतली ओल पितं आणि सोडतं, झाड मरून शंभर वर्षं झाली तरी. पुण्यातल्या घरात एप्रिलमध्ये लाकडातली ओल आठ-नऊ टक्क्यांवर येते, जुलैत पंधरा-सोळावर जाते. या फरकाने फळी लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढते. साग तसा सज्जन. इतर लाकडांच्या मानाने तो कमीच हलतो. तरी आडव्या चिरलेल्या फूटभर रुंदीच्या सागाच्या पॅनेलची रुंदी एप्रिल ते जुलै जवळजवळ चार मिलिमीटरने वाढते, म्हणजे सव्वा सूत. फळीच्या टोकाला वर्तुळाच्या रेघा उभ्या दिसत असतील तर त्याच्या साधारण निम्मी. हौशी माणूस चारही बाजूंना फेविकॉल लावून पॅनेल चौकटीत ठोकून बसवतो, आणि जुलैच्या एका रात्री घरात फटाका फुटल्यासारखा आवाज येतो. चौकटीचा कोपरा उघडलेला असतो. मे महिन्यात उलट, पॅनेल मधोमध तडकतं. सव्वा सुताला अडवायची ताकद अजून कोणत्याही गोंदात आलेली नाही.

जुन्या सुतारांना हे पाठ होतं. पुण्या-वाईच्या वाड्यांची दारं बघावीत. जाड चौकट, तिला आतून खाच, आणि कडांना पातळ केलेलं पॅनेल त्या खाचेत नुसतं सारलेलं. गोंद नाही, खिळा नाही. पावसात ते खाचेच्या आत सरकतं, उन्हाळ्यात मागे येतं, आणि रंगाच्या कडेला एक कोरी रेघ दिसते. ती रेघ म्हणजे दार व्यवस्थित चालू असल्याची पावती. आजोबांच्या लिहायच्या टेबलाचा खण काढून उलटा करावा. तळाची फळी मागून सारलेली असते, तिच्या शिरा डावी-उजवीकडे जातात, आणि मागच्या बाजूला एकच स्क्रू लांबट भोकात बसवलेला असतो. फळी वाढली की मागे वाढते, स्क्रू भोकात सरकतो. जेवणाच्या पाटाखालच्या दोन आडव्या पट्ट्यांनाही तेच काम दिलेलं असतं: पाट वळू द्यायचा नाही, पण रुंदीत श्वास घेऊ द्यायचा. ज्याने कुणी हे शोधून काढलं त्याने पेटंट घेतलं नाही, बहुतेक जेवायला बसला.

पातळ लाकूड वळतं आणि फाटतं ही तक्रार किती जुनी आहे याचा पुरावा इजिप्तमध्ये आहे. सक्कारा इथल्या जोसेर राजाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडखाली, अलाबास्टरच्या शवपेटीत एका लाकडी पेटीचे अवशेष सापडले. साडेचार हजार वर्षांपूर्वीची ती पेटी लाकडाच्या सहा थरांची आहे. प्रत्येक थर सुमारे चार मिलिमीटर जाड, आणि एकाच्या शिरा उभ्या तर दुसऱ्याच्या आडव्या. रुंद फळ्या त्यांनाही मिळाल्या नव्हत्या. अरुंद फळ्या त्यांनी कडेला कड लावून चपट्या लाकडी खुंट्यांनी जोडल्या होत्या. त्या कारागिराच्या मुकादमाला जर कोणी म्हटलं असेल की दोन सुती अख्खी फळी लावा, तर त्याने काय उत्तर दिलं ते पेटीवरून दिसतंच. नंतर १८६५ साली न्यूयॉर्कच्या जॉन मेयोने प्लायवूडचं अमेरिकन पेटंट घेतलं. वखारीतल्या शेठनी पुढच्या चौकाकडे दाखवलेलं बोट या साडेचार हजार वर्षांच्या परंपरेतलं आहे.

म्हणून प्लायवाल्याची बाजूही नीट ऐकून घ्यायला हवी. सुतार मिस्त्रींना विचारलं तर ते सरळ सांगतात: "साहेब, कॅरमचा बोर्ड बघा. साग लावला असता तर सोंगटी दिवाळीला डावीकडे गेली असती आणि गणपतीत उजवीकडे." यावर उत्तर नाही. प्लाय हलत नाही, कारण त्याचे थर एकमेकांना हलू देत नाहीत. रुंद, सपाट, शांत राहणारा पृष्ठभाग हवा असेल तर प्लाय घ्यावा आणि त्याची लाज वाटून घेऊ नये.

पण प्लायची कड लपवावी लागते आणि त्यावरचा सागाचा व्हिनियर अर्धा मिलिमीटर असतो. कोपरा एकदा आपटला की खालचं खरं उघडं पडतं. दोन सुती अख्ख्या सागाचा कोपरा आपटला तर तो फक्त जुना दिसू लागतो. दागिन्यांची डबी आई-मुलीत आणि नातीत फिरणारी वस्तू असल्यामुळे हा फरक प्रस्तुत लेखकाला महत्त्वाचा वाटतो. मिस्त्रींना वाटत नाही, आणि त्यांचा अनुभव जास्त आहे.

तेव्हा निकाल असा. डबीच्या तळाला प्लाय घाला, चार बाजूंनी फेविकॉल लावून घट्ट बसवा. तो काही करणार नाही. झाकण सागाचं करा. सहा इंची झाकण मे महिन्यात बसवत असाल तर खाचेत दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर जागा मोकळी सोडा. ऐन पावसात बसवत असाल तर मोकळी सोडू नका, फक्त खाच खोल पाडा. आणि दोन्ही ऋतूंत त्या फळीला गोंद लावू नका.